तीळ, तांदूळ आणि पेट्रोल

'हायब्रिड' हा शब्द मराठीत मोटारीबरोबर आला नाही, तो ज्वारीबरोबर आला. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसृत झाले आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या खेड्यांत 'हायब्रीड' हे विशेषण उरले नाही, नामच होऊन बसले. यंदा हायब्रीड पेरली, हायब्रीडची भाकरी, असे बोलले जाऊ लागले. शब्दाबरोबर त्याला चिकटलेली चवही आली. उतारा भरघोस, पण भाकरीला गोडी नाही. ताट बुटके, म्हणून कडबा थोडा. आणि लवकर भरणारे कणीस पावसात सापडले की दाणा काळा पडतो. शिवाय घरचे बी राखून चालत नाही, दर वर्षी नवे विकत आणावे लागते. पुढे हा शब्द माणसांनाही लागला. गुडघे दुखू लागलेल्या तरुणाकडे पाहून 'हायब्रीड खाऊन वाढलेली पिढी' म्हणणारी म्हातारी माणसे आम्ही पुष्कळ ऐकली आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हाच शब्द दुसऱ्या दाराने भेटतो. होमी भाभांचे 'द लोकेशन ऑफ कल्चर' १९९४ साली निघाले आणि तेव्हापासून संकरितता हा आमच्या वर्गांतला मानाचा पाहुणा आहे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाला ज्या संकराचे भय वाटते, त्याच संकराचे आता सेमिनारांतून कौतुक होते. (अर्जुनही त्या वेळी एका वाहनात बसून, दोन बाजूंच्या मध्ये, काहीच न ठरवता थांबला होता, हे आमच्या प्रस्तुत विषयाला फारच सोयीचे आहे, पण ते असो.)

२०२५ साली हा शब्द तिसऱ्या वाटेने आमच्या घरात आला. या लेखातले 'आम्ही' हे जुन्या निबंधकारांचे आदरार्थी एकवचन नव्हे, हे येथेच सांगून टाकतो. हे आम्ही खरोखरीचे दोघे आहोत, नवरा आणि बायको, आणि या प्रकरणात बहुतेक काळ आमचे एकमत नव्हते. एक पेट्रोलच्या बाजूचा होता, दुसरी प्लग-इन हायब्रिडच्या. ऑगस्टच्या मध्यावर दोघांनी न सांगता बाजू बदलल्या, त्यामुळे भांडण तसेच चालू राहिले.

आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसन गावी राहतो. या गावाचे आधीचे नाव रॅरिटन. १९५४ साली ते बदलून थॉमस एडिसनचे दिले गेले, कारण त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा याच हद्दीत होती. दिव्यामुळे तो सर्वांना ठाऊक आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याने विजेच्या मोटारीसाठी निकेल आणि लोखंडाची बॅटरी घडवण्यात वर्षानुवर्षे घालवली, हे मात्र थोड्यांना ठाऊक असते. बॅटरी अखेर चांगली जमली, पण तोवर पेट्रोलच्या मोटारीने बाजार जिंकला होता. म्हणजे आमच्यापुढचा प्रश्न या गावात शंभर वर्षांहून अधिक जुना आहे.

मोठी गाडी हवी झाली ती अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसरीचे सासरे, वय ब्याऐंशी. आई २०२३ साली गेल्या. त्यानंतर दीड वर्ष ते सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी एकटे राहिले आणि एप्रिल २०२५मध्ये कायमचे आमच्याकडे आले. आमची जुनी सेडान जमिनीलगतची. तिच्यात बसताना त्यांना विहिरीत उतरल्यासारखे होई आणि बाहेर येताना दोघांनी हात द्यावा लागे. गुडघ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सहज म्हणून सांगितले की आसन कमरेच्या उंचीचे असेल तर निम्मा त्रास वाचेल. उंच आसन म्हणजे एसयूव्ही. या नावात क्रीडाही आहे आणि उपयुक्तताही, पण अमेरिकेत तिचा प्रसार झाला त्यात कायद्याचाही वाटा आहे. १९७५ साली इंधन वाचवण्यासाठी कायदा झाला, पुढे त्याच्या नियमांत मोटारींपेक्षा हलक्या ट्रकांना सवलत मिळाली, आणि एसयूव्ही कागदोपत्री ट्रक ठरली. इंधनबचतीच्या कायद्याच्या सावलीत इंधन खाणारे वाहन वाढावे, यावर एखाद्या विडंबनकाराला काही जास्तीचे करण्यासारखे उरलेले नाही.

पाहता पाहता आमची निवड एका गाडीच्या दोन रूपांवर आली. मित्सुबिशीची आउटलँडर, २०२५चे मॉडेल, सात आसनांची. एक रूप निव्वळ पेट्रोलचे; दुसरे प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचे इंजिन, दोन विजेच्या मोटरी आणि घरच्या भिंतीला वायर लावून भरता येणारी २० किलोवॅट-तासांची बॅटरी. एकदा भरली की सरकारी चाचणीप्रमाणे ३८ मैल निव्वळ विजेवर, नंतर पेट्रोल. ही गाडी या जातीतली आद्य म्हणावी अशी आहे: जपानात ती २०१३ साली आली, अमेरिकेत २०१७च्या अखेरीस. आम्हांला सांगितलेल्या किमतींत दोन्ही रूपांमधले अंतर जवळजवळ दहा हजार डॉलरांचे होते.

तिच्या अंतरंगाची माहिती वाचताना आमच्यापैकी जी साहित्य शिकवते तिला अलंकारशास्त्र आठवले. एका श्लोकात दोन अलंकार एकत्र आले तर आपल्या आलंकारिकांनी त्यांच्या नात्याचे दोन प्रकार मानले आहेत. तीळ आणि तांदूळ एकत्र मिसळले तरी वेगळे दिसतात, निवडून काढता येतात, ती संसृष्टी. पाणी आणि दूध मिसळले की वेगळे करता येत नाहीत, तो संकर. आता, साधी हायब्रिड गाडी, जिला वायर नसते, ती खरा संकर आहे. तिची वीजही ब्रेकमधून आणि इंजिनातून, म्हणजे शेवटी पेट्रोलातूनच येते. कोणता मैल कशाने झाला हे सांगता येणार नाही. प्लग-इन ही संसृष्टी आहे. भिंतीतली वीज वेगळी, पंपावरचे पेट्रोल वेगळे, सकाळचे ३८ मैल तांदळाचे आणि पुढचे तिळाचे. तेव्हा 'प्लग-इन हायब्रिड'ला मराठीत 'संकरित' म्हणणे शास्त्राला धरून होणार नाही. हे विक्रेत्याला सांगण्यात अर्थ नव्हता. तो आम्हांला छतावरची खिडकी दाखवत होता.

(साधा संकर का घेतला नाही, असे विचारणारे वाचक असतीलच. आम्हांलाही सर्वांनी तेच विचारले. ज्या गाडीत अण्णा न वाकता बसत होते तिचे तसे रूप त्या वर्षी या देशात नव्हते. एवढेच कारण.)

मग हिशेब. आमची समजूत अशी होती की पर्यावरणवाद्याला प्लग-इन परवडत नसली तरी निदान चालवायला ती स्वस्त पडते. कागद घेऊन बसल्यावर निराळेच निघाले. विजेवर शंभर मैल जायला या गाडीला, भरताना होणारी गळती धरून, सुमारे ५२ युनिटे लागतात. जून २०२५मध्ये आमच्या राज्यात विजेचे दर एकदम वाढले. सगळे आकार धरून आमच्या बिलात युनिटला पंचवीस सेंट पडू लागले. म्हणजे शंभर मैलांना तेरा डॉलर. पेट्रोलवर ही गाडी, दोन्ही रूपांत, गॅलनला साधारण २६ मैल जाते. आमच्या पंपावर गॅलन तीन डॉलरांच्या आसपास होते. म्हणजे शंभर मैलांना साडेअकरा. विजेचा मैल पेट्रोलच्या मैलाहून महाग! दहा हजार जास्त द्यायचे, आणि पुढे प्रत्येक मैलाला थोडे थोडे आणखी. आमच्याहून स्वस्त वीज असलेल्या राज्यात हे गणित उलटे होईल, हे खरे. पण आम्ही तिथे राहत नाही.

सरकारी सवलतीचाही आधार नव्हता. ही गाडी जपानात बनते, म्हणून विकत घेणाऱ्याला साडेसात हजारांची केंद्रीय करसवलत मिळतच नव्हती. भाडेपट्ट्याने घेतली तर कंपनीमार्फत ती अप्रत्यक्षपणे मिळे. ती वाटही ३० सप्टेंबर २०२५ रोजी कायद्यानेच बंद झाली. विक्रेता महिनाभर रोज त्या तारखेची आठवण देत होता. मुहूर्त टळत असल्याची भीती घालणारे भटजी आम्ही पाहिलेले असल्याने त्याचा परिणाम झाला नाही.

उरला धूर. एक गॅलन पेट्रोल जळले की जवळजवळ नऊ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. न्यू जर्सीतली वीज मुख्यतः अणुभट्ट्या आणि नैसर्गिक वायू यांची. राज्यातली शेवटची कोळशाची वीजकेंद्रे २०२२ साली बंद झाली. आमच्या कच्च्या हिशेबाने विजेचा मैल पेट्रोलच्या मैलापेक्षा निम्म्याच्या आसपास धूर करतो. कॉलेज आणि मेट्रोपार्कचे रेल्वेस्थानक मिळून आमचे रोजचे अंतर जेमतेम ३८ मैलांत बसते, निदान हीटर लागत नाही तोवर. वर्षाला सात हजार मैल विजेवर गेलो तर टनभर, फार तर सव्वा टन वाचेल. समाधान वाटू लागले होते, तेवढ्यात आमच्यातल्या पेट्रोलवाल्याने नेवार्कहून मुंबईला जाऊन येण्याचा हिशेब मांडला. माणशी दोन टनांहून कमी नाही. आम्ही तिघे, मुलगी धरून, दर दोन वर्षांनी जातो. म्हणजे एका फेरीत गाडीची पाच वर्षांची पुण्याई खर्च.

त्यावर थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एकाने म्हटले, "आता कशाला जायचं होणार आहे एवढं?" हे वाक्य कोणी उच्चारले ते येथे महत्त्वाचे नाही. आई नाहीत, अण्णा इथे, आणि जमीन विकलेली. तीन एकर रान होते, विहिरीच्या पाण्याचे. २०२४ साली अण्णांनी ते शेजारच्या शेतकऱ्याला दिले. आमचे पासपोर्ट आता अमेरिकी. वारशाने शेतजमीन आमच्याकडे येऊ शकली असती, पण विकत घेण्याची सर्वसाधारण मुभा आम्हांला नाही. सातबाऱ्यावरून नाव गेले ते गेले. अण्णांनी आम्हांला फोनवर विचारले होते आणि आम्ही दोघांनीही 'तुम्हांला योग्य वाटेल ते करा' असे, सुशिक्षित माणसे देतात तसले उत्तर दिले होते.

गाडीच्या वादात ते पैसे एका संध्याकाळी टेबलावर आले. "फरकाचे पैसे मी देतो," अण्णा म्हणाले. "रानाचेच आहेत. पडून राहून काय करायचे?" दहा हजार डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने पावणेनऊ लाख रुपये. आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्या रानात आजोबांनी विहीर खणली त्या रानाच्या पैशातून आमच्या विवेकबुद्धीची किंमत भागवायची, ही कल्पना दोघांनाही सारखीच असह्य झाली. बऱ्याच दिवसांनी झालेले ते आमचे पहिले एकमत होते.

त्याआधीच्या आठवड्यात युरोपातली आकडेवारी वाचून प्लग-इनचा पक्ष आणखी दुबळा झाला होता. २०१८ साली ब्रिटनमध्ये कंपन्यांनी नोकरांना दिलेल्या अशा दीड हजार गाड्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. जाहिरातीत गॅलनला जवळजवळ १३० मैल, प्रत्यक्षात ३९. काही गाड्या परत आल्या तेव्हा भरण्याची वायर डिकीत, वेष्टनही न फोडलेली, तशीच सापडली. करसवलतीसाठी प्लग-इन घेतलेली, आणि पेट्रोल कंपनीच्या खर्चाने. युरोपीय आयोगाने २०२४ साली गाड्यांच्या आतल्या मापकांवरून काढलेला निष्कर्षही त्याच जातीचा: प्रत्यक्षातला धूर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीनपट. गाडी सद्गुणी नसते. ती सद्गुणाची सोय करून देते आणि पळवाटही ठेवते. न फोडलेल्या वेष्टनातली वायर ही आम्हांला अस्वस्थ करणारी प्रतिमा आहे, कारण आमच्या शेल्फात न फोडलेल्या वेष्टनातली काही पुस्तकेही आहेत.

हे सगळे अण्णांना सांगितले. ते कृषिखात्यातून निवृत्त झालेले. १९६६ साली नोकरीला लागले ते सायकलवरून हायब्रीड ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या नेत आणि शेतकऱ्यांच्या बांधावर प्रात्यक्षिकाचे प्लॉट उभे करत. 'हायब्रिड' हा शब्द आमच्या तोंडून प्रथम ऐकला तेव्हा त्यांनी हसून विचारले होते, "हिचंही बी दर साली नवं आणायचं का?" आता मात्र ते हसले नाहीत.

"आम्ही प्लॉट करायचो ना," ते म्हणाले, "तेव्हा हिशेबाने कुणी घेतलं नाही. हिशेब आम्ही सांगायचो, लोक ऐकून घ्यायचे. शेजारच्यानं पेरली की मग पेरायचे. बहात्तरच्या दुष्काळात तांबडी मिलो खाल्लेली माणसं, त्यांना हायब्रीडची भाकरीसुद्धा गोड लागली." मग बराच वेळ थांबून, "पण मी एक सांगू का? मी तीस वर्षं लोकांना हायब्रीड पेरायला लावली, आणि घरी आम्ही शाळूच खाल्ला. तुझ्या आईला हायब्रीडची भाकरी थापताच यायची नाही, तुटायची. लोकांना ठाऊक होतं. एकानं तोंडावर विचारलं पण, साहेब, तुमच्या घरात काय दळतात?"

"मग काय सांगितलंत?"

"काय सांगणार? शाळू म्हणालो. तो म्हणाला, मग अर्धं रान शाळूला ठेवतो. चांगलं केलं त्यानं."

आमच्यापैकी एक जण कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना निसर्ग आणि साहित्य असा एक अभ्यासक्रम शिकवते. हवामानबदलावरच्या कादंबऱ्या त्यात आहेत. दर सत्रात एखादा विद्यार्थी, बहुधा शेवटच्या बाकावरचा, विचारतोच: तुम्ही कोणती गाडी चालवता? ती आजवर जुन्या सेडानच्या वयाचा आधार घेत आली आहे, की नवी न घेणे हेच सर्वांत हिरवे. ते खोटेही नव्हते.

अण्णांच्या बोलण्यातून आम्ही दोघांनी वेगवेगळे अर्थ काढले. एकीला त्या शेतकऱ्याचा प्रश्न ऐकू आला, 'तुमच्या घरात काय दळतात?', दुसऱ्याला त्याचे उत्तर, 'अर्धं रान शाळूला ठेवतो'. पहिलीला वाटले, जे शिकवतो ते पूर्णपणे करावे. दुसऱ्याला वाटले, अर्धे अर्धे ठेवणारा तो माणूस शहाणा होता. गंमत अशी की दोघांच्याही वाटेने गेले तरी प्लग-इनच निघत होती. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही ती घेतली. अण्णांचे पैसे घेतले नाहीत. ते दोन दिवस रुसले. मग गॅरेजमध्ये २४० व्होल्टची जोडणी करायला इलेक्ट्रिशियन आला तेव्हा त्याचे पैसे आम्हांला न विचारता देऊन मोकळे झाले. साध्या प्लगवर रात्रभर ठेवूनही ही बॅटरी पुरती भरत नाही, तेव्हा जोडणी लागणारच होती.

त्या जोडणीसाठी गॅरेज रिकामे करावे लागले. तिथे एकोणीस खोकी होती. इथल्या मराठी मंडळींनी फार पूर्वी चालवलेल्या फिरत्या ग्रंथालयाची ती पुस्तके. वाचक पांगले, ग्रंथालय फिरायचे थांबले आणि खोकी शेवटच्या चिटणिसाच्या, म्हणजे आमच्या, घरी राहिली. टाकवत नाहीत आणि कोणी नेत नाही. गाडी आत यायची तर खोक्यांनी बाहेर जायचे, असा साधा प्रश्न होता, आणि पर्यावरणाच्या कोणत्याही पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. अखेर बारा खोकी अण्णांच्या खोलीत गेली, सात जिन्याखाली. अण्णा आता रोज एकेक उघडतात. आतल्या कार्डांवर कोणी कोणते पुस्तक कधी नेले याच्या नोंदी आहेत. पुस्तकांपेक्षा त्या नोंदी ते अधिक लक्षपूर्वक वाचतात, आणि १९९८ साली दिवाळी अंक नेऊन परत न करणाऱ्या माणसाला आम्ही अजून ओळखतो का, असे विचारतात.

गाडी चांगली आहे. आवाज करत नाही. इंजिन कधी लागावे, त्याने जनित्र फिरवावे की थेट चाके, हे तीच ठरवते. जानेवारीतल्या थंडीत ३८ मैलांचे सव्वीस-सत्तावीसच झाले. विजेचे बिल अपेक्षेप्रमाणे वाढले.

एकच अडचण नंतर लक्षात आली. न्यू जर्सी हे आता अमेरिकेतले एकमेव राज्य आहे जिथे ग्राहकाने स्वतः पेट्रोल भरण्यास मनाई आहे. १९४९ सालचा कायदा आहे, आणि ऑरेगनने २०२३ साली मोकळीक दिल्यापासून जोडीला कोणी उरले नाही. म्हणजे गावाकडच्यासारखेच गाडीत बसून राहायचे आणि पंपावरचा माणूस येतो. आमच्या नेहमीच्या पंपावरचे गृहस्थ पंजाबचे, पासष्टीचे. त्यांचेही गव्हाचे रान मागे राहिलेले. अण्णा आणि ते हिंदीत बोलतात. घराबाहेर अण्णा ज्याच्याशी मनातले बोलू शकतात असा या गावातला तो बहुधा एकच माणूस आहे, आणि आम्ही अशी गाडी घेतली होती की जिला आठवड्यामागून आठवडे पंपावर जावे लागू नये.

पेट्रोल फार दिवस टाकीत पडून राहिले तर शिळे होते. अशा काही गाड्या त्यासाठी अधूनमधून आपणहून इंजिन चालवून घेतात. हे आम्ही अण्णांना सांगितले, जरा वाढवूनच. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी अकराला ते बूट घालून तयार असतात. बॅटरी भरलेली असते. तरी आम्ही बटण दाबून पेट्रोलवर जातो आणि दहा-बारा डॉलरांचे भरून घेतो. परवा मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या, आणि ते दोघे पाइप टाकीला लावून ठेवून, पी. आर. १०६ या तांदळाला पाणी किती लागते यावर बोलत होते.